उमेदवारीचे अर्थकारण

क्रिकेटमधील यष्टिरक्षक आणि बेसबॉलमधील कॅचर यांची तुलना नेहमी केली जाते आणि ती काही अंशी योग्यही आहे. दोघेही फलंदाजाच्या पाठीमागे असतात, दोघांनाही मैदानाकडे तोंड करून उभ्या असलेल्या संघाचे डोळे व्हावे लागते, आणि दोघांची चूक जितकी चटकन दिसते तितकी त्यांची कामगिरी दिसत नाही. परंतु ही तुलना फार दूरवर नेता येत नाही. वेगवान गोलंदाजासाठी यष्टिरक्षक दहा-पंधरा पावले मागे सरकू शकतो. कॅचरला ती सवलत नाही. बॅटीच्या झपाट्यापासून हातभर अंतरावर उकिडवे बसून, ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येणारा चेंडू त्याला एका सामन्यात शे-दीडशे वेळा झेलावा लागतो. तोंडावर मुखवटा, छातीवर जाड गादी आणि नडग्यांवर ढाली असा त्याचा जामानिमा असतो. अमेरिकेतील खेळाडू या सरंजामाला ‘अज्ञानाची अवजारे’ म्हणतात. शहाणा माणूस ती अंगावर चढवणारच नाही, असा त्याचा अर्थ. गंमत अशी की, हा वाक्प्रचार ज्याच्या नावावर सांगितला जातो तो मडी रूएल हा स्वतः कॅचर तर होताच, पण कायद्याचा पदवीधरही होता.

कायद्याचा संबंध येथे निव्वळ योगायोगाने आलेला नाही. एखादा तरुण कॅचर महाविद्यालयातून बाहेर पडून मायनर लीगच्या पायऱ्या चढू लागतो तेव्हा त्याच्या वाटेवर कौशल्य, कष्ट आणि नशीब यांच्याइतकाच कायदाही उभा असतो. मालकांच्या स्पर्धेतून मजुराला वाजवी वेतन मिळावे, हे अमेरिकेचे अधिकृत अर्थतत्त्व. त्याच देशात या एका धंद्याला त्या तत्त्वातून शंभर वर्षांपूर्वी वगळण्यात आले, आणि त्या सवलतीची किंमत मुख्यतः विशीतील मुलांनी चुकती केली. मराठीत शिकाऊ नोकरीला ‘उमेदवारी’ म्हणतात. या शब्दाच्या पोटात ‘उमेद’ दडलेली आहे, हे बेसबॉलच्या मालकांना मराठी न येताही पुरते कळले होते.

वाटेचा पहिला टप्पा महाविद्यालयाचा. अमेरिकेत फुटबॉल किंवा बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्याला मोठ्या विद्यापीठात पूर्ण शिष्यवृत्ती मिळणे ही नवलाची गोष्ट नव्हे. बेसबॉलची स्थिती वेगळी होती. वरच्या श्रेणीतील विद्यापीठांनासुद्धा संपूर्ण संघासाठी मिळून ११.७ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा अनेक वर्षे घातलेली होती. पस्तीसएक मुलांच्या संघात या बारा-एक शिष्यवृत्त्यांचे तुकडे वाटले जात. कोणाला निम्मी फी, कोणाला पाव, तर कोणाला काहीच नाही. २०२५ साली न्यायालयीन तडजोडीने ही मर्यादा उठली व तिच्या जागी खेळाडूंच्या संख्येवर ३४ ची मर्यादा आली. त्याआधी २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिरातीतून पैसे मिळवण्याची मुभाही मिळाली होती. परंतु आज जे कॅचर तिशीत आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरांनी या उमेदवारीचा पहिला हप्ता महाविद्यालयाच्या फीच्या रूपाने आधीच भरलेला आहे.

या टप्प्यावर कॅचरच्या शिक्षणात एक मोठी उणीव राहते, तिचा उल्लेख केला पाहिजे. कोणता चेंडू टाकावा हे पिचरला सुचवणे हे कॅचरचे मूळ काम; पण महाविद्यालयीन खेळात बहुतेक ठिकाणी तो निर्णय बाकावर बसलेला प्रशिक्षक घेतो व खुणेने कळवतो. कॅचर तो निरोप पुढे पोचवणारा शिपाई ठरतो. संघ जिंकण्याच्या दृष्टीने हे सोयीचे असेल. पण चार वर्षे निरोप पोचवून मायनर लीगमध्ये दाखल झालेल्या मुलाला स्वतः विचार करण्याचे शिक्षण तेथे पहिल्यापासून घ्यावे लागते. पिचर आणि मैदानावरील इतर खेळाडू वीस-एकविसाव्या वर्षी तयार होतात आणि कॅचर मात्र उशिरा पिकतो, असे म्हणतात त्याचे एक कारण यात आहे. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

दुसरा टप्पा ड्राफ्टचा. ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची संघांमध्ये होणारी वाटणी. तीस मेजर लीग संघ ठरलेल्या क्रमाने एकेक नाव घेतात, आणि ज्या संघाने नाव घेतले त्याच्याशीच त्या खेळाडूला बोलणी करावी लागतात. नोकरीसाठी तीस मालक आहेत असे वरवर दिसते. प्रत्यक्षात त्या मुलापुरता मालक एकच. चार वर्षांच्या महाविद्यालयातील विद्यार्थी तिसरे वर्ष संपल्यावर किंवा एकविसाव्या वर्षी या वाटणीस पात्र होतो. येथे सौदेबाजीचा एक मजेदार, पण क्रूर नियम दिसून येतो. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याजवळ एक हुकमाचे पान असते. रक्कम पटली नाही तर तो चौथ्या वर्षासाठी परत जाऊ शकतो, आणि हे संघालाही ठाऊक असते. चौथे वर्ष पूर्ण केलेल्या मुलाजवळ ते पान नसते. तो अधिक शिकलेला, अधिक खेळलेला आणि अनेकदा पदवीधर असतो. तरी त्याच्या वाट्याला काही हजार डॉलरच येतात, कारण त्याला जायला दुसरी जागाच नाही. २०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांसाठी प्रत्येक संघाला एकूण खर्चाची मर्यादा घालून देण्यात आली. तेव्हापासून सहाव्या ते दहाव्या फेरीत असे चौथ्या वर्षाचे विद्यार्थी मुद्दाम निवडावयाचे, त्यांना अल्प रकमेत राजी करावयाचे आणि वाचलेला पैसा शाळेतून येणाऱ्या एखाद्या गुणी मुलाकडे वळवावयाचा, ही संघांची नित्याची चाल होऊन बसली. पदवी पूर्ण केल्याबद्दल दंड भरावा लागणारी ही नोकरीची बाजारपेठ प्राध्यापक मंडळींनी जरूर अभ्यासावी.

अर्थात वाटणीच्या शिखरावर चित्र निराळे असते. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शॉर्टस्टॉप म्हणून आलेला बस्टर पोझी दुसऱ्या वर्षी कॅचर झाला आणि २००८ साली सॅन फ्रान्सिस्को जायंट्स संघाने त्याला पाचव्या क्रमांकावर घेऊन ६२ लाख डॉलर दिले. ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या अ‍ॅडली रचमनला २०१९ साली पहिल्याच क्रमांकावर ८१ लाख डॉलर मिळाले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती यांची. पण तळाकडे पाहिल्यास जी नावे दिसतात, ती या बाजारपेठेच्या पारखीविषयी अधिक सांगतात.

माइक पियाझा हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. मायामी विद्यापीठात त्याला फारसे खेळावयास मिळाले नाही. तेथून तो एका कम्युनिटी कॉलेजात गेला. १९८८ साली लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला बासष्टाव्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर निवडले, तेही संघाचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा हे त्याच्या वडिलांचे स्नेही होते म्हणून. तोवर तो कॅचरही नव्हता, फर्स्ट बेसवर खेळत असे. संघात शिरकाव व्हावयाचा तर कॅचर हो, असा सल्ला त्याला मिळाला. पुढे तो संघाच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातील अकादमीत जाऊन राहिला आणि हे काम शिकला. १९९३ साली तो नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला. त्याच्या ४२७ होम रनपैकी ३९६ कॅचर म्हणून खेळताना काढलेल्या आहेत. २०१६ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. तेराशे एकोणनव्वद मुले त्याच्याहून सरस आहेत, असा त्या वेळच्या तज्ज्ञांचा निवाडा होता.

एरिक क्रॅट्झ हा तितका मोठा खेळाडू नव्हे, पण त्याची कहाणी कमी बोलकी नाही. व्हर्जिनियातील ईस्टर्न मेनोनाइट या छोट्या विद्यापीठातून तो २००२ साली एकोणतिसाव्या फेरीत निवडला गेला. मेजर लीगमधील त्याचा पहिला सामना २०१० साली झाला. त्या वेळी त्याचे वय तीस होते. आठ वर्षे बसगाड्यांतून हिंडल्यानंतर त्याला तो दिवस दिसला आणि मग २०२० पर्यंत तो कोणत्या ना कोणत्या संघात टिकून राहिला. कॅलिफोर्नियातील अझुसा पॅसिफिक विद्यापीठाचा स्टीव्हन व्होग्ट २००७ साली बाराव्या फेरीत निवडला गेला. तो सत्ताविसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये पोचला आणि पहिल्या बत्तीस संधींत त्याला एकही हिट मिळाली नाही. पहिली हिट मिळाली ती २०१३ साली, आणि ती होम रन होती. पुढे दोनदा तो ऑल-स्टार संघात निवडला गेला आणि २०२४ साली क्लीव्हलंडचा व्यवस्थापक म्हणून आपल्या लीगमधील सर्वोत्कृष्ट व्यवस्थापकाचा मानही त्याने मिळवला. व्यवस्थापकांमध्ये माजी कॅचरांचा भरणा मोठा आहे, यात आश्चर्य काहीच नाही.

या तिघांची नावे आज माहीत आहेत ती ते वर पोचले म्हणून. मायनर लीगमध्ये उतरलेल्यांपैकी दहांतील एखादाच मेजर लीगचे मैदान पाहतो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. उरलेल्या नऊ जणांचा हिशेब कोणी मांडावयाचा?

मायनर लीगची रचना समजून घेतल्यावाचून तो मांडता येत नाही. १९२० च्या दशकात सेंट लुईस कार्डिनल्सचे ब्रँच रिकी यांनी लहान गावांतील संघ आपल्या छत्राखाली आणून त्यांची रोपवाटिका केली. तिला ‘फार्म’ म्हणजे शेत हेच नाव पडले. १९४९ साली अशा ५९ लीग होत्या. आज १२० संघ आहेत. प्रत्येक मेजर लीग संघाला चार पायऱ्यांचे चार संघ जोडलेले आहेत, आणि त्यांच्याही खाली सराव-केंद्रावरील संघ असतात. गावातील क्लबचा मालक तिकिटे, खाद्यपदार्थ व जाहिराती यांवर पैसा मिळवतो. खेळाडूचे वेतन मात्र वरचा मेजर लीग संघ देतो. लहान गावच्या गरीब क्लबला चांगले वेतन कसे परवडावे, असा प्रश्न जेव्हा केला जातो तेव्हा ही साधी गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. २००८ साली उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना एका स्पर्धेतून शोधून पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केले, तेव्हा भारतीय वृत्तपत्रांत त्याचे मोठे कौतुक झाले. ते दोघे पिचर म्हणून याच रोपवाटिकेच्या सर्वांत खालच्या वाफ्यात उतरले होते आणि तेथून मेजर लीगपर्यंत कोणीच पोचू शकला नाही, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात राहिले.

वेतनाचे आकडे पाहावेत. २०२० पर्यंत खालच्या पायरीवरील खेळाडूला आठवड्याला किमान २९० डॉलर मिळत. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे. त्याला चाळीस तासांनी गुणले की नेमके २९० येतात. पैसे मिळत ते फक्त हंगामाच्या पाच महिन्यांचे. वसंत ऋतूतील सराव-शिबिर, हिवाळ्यातील व्यायाम, हे सर्व बिनपगारी. हंगामाची बेरीज सहा-साडेसहा हजार डॉलरच्या पुढे जात नसे, आणि त्याच २०२० साली सरकारी हिशेबाने एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा १२,७६० डॉलरची होती. खेळाडू पाच-सहा जण मिळून एका घरात गाद्या टाकून राहत किंवा गावातील एखादे कुटुंब त्यांना दयाबुद्धीने आसरा देई. हिवाळ्यात कोणी दुकानात, कोणी गोदामात काम करी. वरच्या पायरीवर मेजर लीगचे किमान वार्षिक वेतन २०२५ साली ७ लाख ६० हजार डॉलर होते. मधल्या जिन्यात जवळजवळ काहीच नाही आणि माडीवर सर्व काही, अशी ही इमारत.

या इमारतीत कॅचरची खोली कोणती, हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. एखाद्या संघाने एका पिचरवर वीस लाख डॉलर खर्च केले असे समजा. त्या पिचरला घडवावयाचे तर रोज त्याचे चेंडू झेलणारा, त्याचा कल ओळखणारा, त्याचा धीर खचला तर मैदानाच्या मध्यावर जाऊन दोन शब्द बोलणारा कोणीतरी हवा. तो कोणीतरी म्हणजे काही हजार डॉलरवर आलेला महाविद्यालयीन कॅचर. शिबिराच्या दिवसांत पिचरांची संख्या इतकी मोठी असते की कॅचर अपुरे पडतात. म्हणून कॅचरला नोकरी मिळणे इतरांपेक्षा सोपे, असे म्हटले जाते ते खरे आहे. पण ही नोकरी बहुधा दुसऱ्याच्या प्रशिक्षणाचे साधन म्हणून मिळते. संघाला त्याच्याकडून पुढे काही अपेक्षा नसते. त्याच्यावाचून पिचरांचा सराव अडतो, एवढेच. त्याचे श्रम पिचरच्या खात्यात जमा होतात. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मजुराला त्याच्या सीमान्त उत्पादनाइतके वेतन मिळते असे शिकवले जाते. येथे उत्पादन कोणाचे हेच ठरवणे अवघड, आणि ज्याला ते ठरवावयाचे आहे तोच एकमेव ग्राहक!

शिवाय कॅचरचे भांडवल म्हणजे त्याचे गुडघे, बोटे आणि डोके. या भांडवलाचा घसारा इतर कोणत्याही खेळाडूपेक्षा अधिक वेगाने होतो. मे २०११ मध्ये होम प्लेटवर एक धावपटू पोझीच्या अंगावर धडकला. त्याचे पायाचे हाड मोडले, घोट्याचे स्नायुबंध तुटले आणि हंगाम संपला. तो पुढील वर्षी परत आला व आपल्या लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. २०१४ साली अशा धडकांना आवर घालणारा नियमही झाला. कोट्यवधींच्या मालमत्तेला धक्का पोचला तेव्हा नियम सुचला. त्यापूर्वी खालच्या लीगमधील किती अनाम कॅचर असेच धडकले असतील, याची नोंद कोठल्याही रकान्यात नाही.

हे सारे इतकी वर्षे टिकले कसे, याचे उत्तर १९२२ च्या एका निकालात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती होम्स यांच्या लेखणीतून, बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही असे ठरवले. गाड्या भरभरून संघ राज्याराज्यांतून हिंडत होते. तरी तो व्यापार नव्हता. १९५३ साली जॉर्ज टूलसन या मायनर लीगमधील पिचरने त्याविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने जुनाच निकाल कायम ठेवला आणि काँग्रेसकडे बोट दाखवले. १९७२ साली कर्ट फ्लडच्या खटल्यात ही सवलत विसंगत आहे हे मान्य करूनही न्यायालय पुन्हा काँग्रेसकडेच बोट दाखवून मोकळे झाले. खेळाडूला आजन्म एका संघाशी बांधणारे राखीव कलम अखेर १९७५ साली लवादाच्या निवाड्याने मोडले, पण त्याचा लाभ मेजर लीगच्या संघटित खेळाडूंना झाला. १९९८ साली काँग्रेसने कर्ट फ्लडच्या नावाने कायदा केला आणि मेजर लीगच्या खेळाडूंपुरती ती सवलत काढून घेतली. मायनर लीगला त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले होते. फ्लडच्या नावाचा असा उपयोग व्हावा, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

अर्थशास्त्रज्ञांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. १९५६ साली सायमन रॉटेनबर्ग यांनी बेसबॉलच्या श्रमबाजारावर जो निबंध लिहिला, त्यातून क्रीडा-अर्थशास्त्र ही शाखा निघाली असे मानतात. राखीव कलम असो वा नसो, गुणी खेळाडू अखेर जेथे त्याचे मोल सर्वांत जास्त तेथेच जाईल. फरक एवढाच की ते मोल खेळाडूच्या खिशात जाणार की मालकाच्या, असे त्यांचे म्हणणे होते. १९७४ साली जेरल्ड स्कली यांनी आकडेमोड करून दाखवले की, खेळाडू संघाला जे मिळवून देतो त्याचा लहानसा अंशच त्याला वेतनरूपाने मिळतो. आणि या दोघांच्या पुष्कळ आधी, १७७६ साली, अ‍ॅडम स्मिथने व्यवसायनिवडीला सोडतीची उपमा देऊन ठेवली होती. तरुणपणी माणूस यशाची शक्यता फुगवून पाहतो आणि धोक्याची तमा बाळगत नाही, आणि नेमक्या त्याच वयात त्याला व्यवसाय निवडावा लागतो, हे त्याचे निरीक्षण मायनर लीगला तंतोतंत लागू पडते. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष सावधपणे काढला पाहिजे. मुले स्वखुशीने येतात, तेव्हा वेतन कमी असले तरी अन्याय कसला, असा युक्तिवाद मालकांच्या बाजूने नेहमी होतो. सोडतीचे तिकीट विकत घेणाऱ्याने तक्रार करू नये, हे ठीक. पण येथे तिकिटे विकणारे दुकान एकच आहे, आणि दुसरे दुकान निघू नये याची व्यवस्था न्यायालयाने करून ठेवली आहे.

ही कोंडी फोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न फेब्रुवारी २०१४ मध्ये झाला. मिसूरी विद्यापीठातून मायनर लीगमध्ये गेलेला अ‍ॅरन सेन याच्या नावाने कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा दाखल झाला. त्यामागील वकील गॅरेट ब्रोशहस हाही पूर्वी मायनर लीगचाच पिचर होता. दावा मक्तेदारीचा नव्हता, साध्या किमान वेतनाचा होता. कारखान्यातील झाडूवाल्याला जो कायदा लागू तोच खेळाडूला लावा, एवढीच मागणी. मालकांनी उत्तर दिले ते न्यायालयाबाहेर. मार्च २०१८ मध्ये दोन हजारांहून अधिक पानांच्या खर्च-विधेयकात एक छोटेसे कलम घुसवण्यात आले. त्याचे नाव होते ‘अमेरिकेचा राष्ट्रीय विरंगुळा वाचवा’ अशा अर्थाचे. हंगामात आठवड्याच्या चाळीस तासांचे किमान वेतन दिले की प्रत्यक्ष काम किती तास झाले ते विचारू नये, असा त्या कलमाचा आशय. वर सांगितलेल्या २९० डॉलरना कायद्याचे कवच मिळाले ते असे. लहान गावांतील बेसबॉल जगावे म्हणून हे आवश्यक आहे, असे काँग्रेसला सांगण्यात आले होते. त्यानंतर तीन वर्षे उलटण्याच्या आत मेजर लीगने स्वतःच १६० संलग्न संघांचे १२० केले. चाळीस गावांचा राष्ट्रीय विरंगुळा कायद्याने वाचवला नाही, आणि मालकांनाही तो वाचवावासा वाटला नाही.

२०२० चे वर्ष महामारीचे. मायनर लीगचा संपूर्ण हंगाम रद्द झाला. आठवड्याला चारशे डॉलरच्या भत्त्यावर खेळाडू घरी बसले. चाळीस फेऱ्यांचा ड्राफ्ट त्या वर्षी पाच फेऱ्यांवर आणला गेला, आणि पुढील वर्षापासून तो वीस फेऱ्यांवर स्थिरावला. कदाचित या एका वर्षाने खेळाडूंना जे शिकवले ते शंभर वर्षांत कोणी शिकवले नव्हते. मार्च २०२२ मध्ये सेन खटल्यात न्यायालयाने मायनर लीगचे खेळाडू हे कर्मचारी आहेत असा अभिप्राय दिला, त्याच वर्षी १८ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली, आणि सप्टेंबरमध्ये पाच हजारांहून अधिक मायनर लीग खेळाडूंच्या वतीने बोलण्याचा मेजर लीगच्या खेळाडू-संघटनेचा अधिकार मालकांनी मान्य केला. मार्च २०२३ मध्ये पहिला सामुदायिक करार झाला. सर्वांत खालच्या केंद्रावरील वार्षिक किमान वेतन ४,८०० डॉलरवरून १९,८०० वर गेले, खालच्या ‘ए’ श्रेणीत ११,००० वरून २६,२०० वर, आणि सर्वांत वरच्या ‘ट्रिपल ए’ श्रेणीत १७,५०० वरून ३५,८०० वर. हंगामाबाहेरील कामालाही मोबदला ठरला. एकोणीस वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या नव्या खेळाडूवरील संघाचा ताबा सात वर्षांवरून सहा वर्षांवर आला.

वेतन वाढवले तर रोजगार घटतो, ही शंका यावर कोणी घेईल, आणि ती उडवून लावण्याजोगी नाही. याच कराराने संघाला बाळगता येणाऱ्या खेळाडूंची संख्या १८० वरून १६५ वर आणली. ड्राफ्ट वीस फेऱ्यांचा झाल्यामुळे आज पियाझाची बासष्टावी फेरी अस्तित्वातच नाही, क्रॅट्झची एकोणतिसावी नाही. उशिरा पिकणाऱ्या फळाला झाडावर राहू देण्याची मुदतच कमी झाली आहे, आणि त्याचा फटका इतर कोणापेक्षा कॅचरला अधिक बसेल. निवड न झालेला मुलगा कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतो, हे खरे. मालक निवडण्याचे स्वातंत्र्य त्याला मिळते ते त्याची किंमत शून्याजवळ आल्यानंतर. तथापि या घटीचे खापर वेतनवाढीवर फोडता येणार नाही. कालक्रम पाहावा. फेऱ्या कमी झाल्या २०२० मध्ये आणि संघ कमी झाले त्याच हिवाळ्यात, म्हणजे संघटना उभी राहण्याच्या दोन वर्षे आधी, आठवड्याला २९० डॉलर चालू असतानाच. चेंडूचा वेग, फिरकी व बॅटीचा कोन मोजणारी यंत्रे आल्यामुळे इतक्या मुलांना मैदानावर खेळवून पारखण्याची गरज उरली नाही, असे संघांना वाटू लागले होते. स्वस्त मजुरीने रोजगार वाचतो या समजुतीची येथे शंभर वर्षे परीक्षा झाली आणि मालकाला गरज संपल्याचे वाटताच स्वस्त मजूरही घरी गेला. एकोणीस हजार डॉलरवर थोडी कमी मुले खेळावीत, हे पावणेपाच हजारांवर थोडी अधिक मुले खेळण्यापेक्षा बरे. त्या वाढीव संख्येतील बहुतेकांना पुढे जाण्याची खरी संधी नव्हतीच. त्यांना बोलावले होते ते इतरांचे चेंडू झेलण्यासाठी.

यंत्रांचा हा प्रवेश कॅचरच्या हातातील कसबापर्यंतही येऊन पोचला आहे. कडेवरून जाणारा चेंडू हलक्या हाताने आत ओढून पंचाला तो बरोबर वाटावा असा झेलणे, ही कला गेल्या वीस वर्षांत फार मोलाची ठरली. चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे आल्यावर तिची किंमत धावांत मोजता येऊ लागली, आणि हजारो तरुणांनी एका गुडघ्यावर बसून ती घोटली. २०२१ मध्ये फ्लोरिडातील एका खालच्या लीगमध्ये चेंडू योग्य की अयोग्य हे यंत्राने ठरवण्याचा प्रयोग झाला. २०२३ पासून तो ‘ट्रिपल ए’ श्रेणीत सर्वत्र आला. आणि पंचाच्या निर्णयाविरुद्ध यंत्राकडे दाद मागण्याची मुभा २०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये देण्याचा निर्णय २०२५ साली झाला. कला पूर्णपणे निरुपयोगी होणार नाही, कारण दाद मागण्याच्या संधी मोजक्याच आहेत. पण ज्या मुलाने सहा वर्षे अल्प वेतनावर हे एक कसब कमावले, त्याच्या मालाचा भाव तो बाजारात पोचण्याच्या सुमारास उतरला. शिकाऊ काळाचा खर्च मजुरानेच सोसावा, या व्यवस्थेत ही जोखीमही त्याच्याच माथी येते.

२०२३ चा करार पाच वर्षांचा आहे. वेतन, निवास व हंगामाबाहेरील मोबदला यांवर मायनर लीगच्या खेळाडूला आता बोलता येते. ड्राफ्टवर मात्र त्याला बोलता येत नाही. किती फेऱ्या असाव्यात, प्रत्येक संघाने पहिल्या दहा फेऱ्यांत किती खर्च करावा, चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला किती किमान रक्कम मिळावी, हे विषय मेजर लीगचे मालक आणि मेजर लीगचे खेळाडू यांच्यातील करारात ठरतात. ज्याची वाटणी होणार आहे तो महाविद्यालयीन कॅचर त्या दिवशी या संघटनेचा सभासद नसतो. जे सभासद आहेत, त्यांच्या दृष्टीने नवख्यांवर कमी खर्च झाला तर आपल्यासाठी अधिक उरतो; म्हणून या मुद्द्यावर ते मालकांशी फारसे भांडत नाहीत. मेजर लीगचा करार डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. पुढील करारासाठी दोन्ही पक्ष बसतील तेव्हा टेबलाच्या कोणत्या बाजूला या मुलाची खुर्ची असेल, हे अद्याप कोणी विचारलेले नाही.